कीर्द आणि खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पालघरच्या बाजारातून हिंडण्याची मला जुनी हौस आहे. दुकानादुकानांतून पाट मांडलेले असतात. पाटावर लाल पुठ्ठ्याची कोरी वही, वहीवर सुपारी, हळदकुंकू, झेंडूचे फूल, आणि पहिल्या पानावर कुंकवाने काढलेला 'श्री'. अलीकडे हिशेब संगणकावर गेला, २०१७ सालच्या जुलैपासून जीएसटी आला, विवरणपत्रे भरून देणारा निराळा माणूस आला. पण पूजा वहीचीच होते. संगणकावर फूल ठेवले तर ते घसरून पडते, असे एका व्यापाऱ्याने मला अगदी गंभीरपणे सांगितले.

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हिशेबाशी माझा संबंध वाण्याच्या उधारीपुरताच, आणि तीही वही घरात मंडळींच्या ताब्यात. तेव्हा जमाखर्चावर लिहिण्याचा अधिकार मला कितपत, हा प्रश्न वाचकांनी विचारण्याआधी मीच विचारून ठेवतो. पण दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात एक प्रसंग घडला, आणि त्या निमित्ताने मराठी दफ्तराच्या इतिहासात मी असा काही गुंतलो की हाती घेतलेली कादंबरी सहा महिने तशीच पडून राहिली.

चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्याने गेलात तर कित्येक घरांच्या पडवीतून बारीक ठोकण्याचा आवाज ऐकू येतो. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे कोरणारे हे कारागीर. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची. तिच्यावर पत्रा दाबला की फूल, वेल, मोर सुलटे उमटतात. आमच्याकडे याला सरळ 'डाय' म्हणतात, आणि माल जातो मुंबईच्या झवेरी बाजारात. माझा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात आहे. त्या संध्याकाळी तो प्लॅस्टिकची एक फुगलेली पिशवी घेऊन आला. पिशवीत पावत्या होत्या.

"सर, काम भरपूर आहे," तो म्हणाला. "हाताला उसंत नाही. पण महिनाअखेरीस खिशात काही राहत नाही. मशीन विकून टाकावं आणि बोईसरला एखाद्या कंपनीत लागावं, असं चाललंय मनात."

त्याच्या वडिलांनी कंपनीतली नोकरी सोडून ते मशीन घेतले होते, हे मला ठाऊक होते. मी वही पाहायला मागितली. वही होती, आणि प्रामाणिक होती. तारखेवार सगळे लिहिलेले: पोलाद, आईचे औषध, कानशी, मुंबईचे तिकीट, विजेचे बिल, भाचीच्या बारशाचा आहेर, तेल, मदतीला येणाऱ्या पोराला दिलेली उचल, पुन्हा औषध, पुन्हा तिकीट. दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नव्हता. तरीही पैसा गेला कोठे, हे त्या वहीतून देवालाही कळले नसते.

त्याच्याजवळ कीर्द होती; खतावणी नव्हती.

हे दोन शब्द आपल्याकडे फार जुने. कीर्द किंवा रोजकीर्द म्हणजे दिवसाचा जमाखर्च, जसा घडला तसा लिहिलेला. खतावणी म्हणजे तोच खर्च उचलून आपापल्या खात्यात नेऊन बसवणे. कीर्द काळाच्या क्रमाने चालते, खतावणी कारणाच्या क्रमाने. आज शाळेत पुस्तपालन शिकवतात तेव्हा ही जणू साहेबाची विद्या आहे अशा थाटात शिकवतात; परंतु देवगिरीच्या यादवांकडे तेराव्या शतकात हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा 'श्रीकरणाधिप', म्हणजे दफ्तर आणि हिशेब यांचा मुख्य, होता. मोडी लिपी त्यानेच आणली असे परंपरा मानते; पंडितांचे त्यावर एकमत नाही. मला त्या वादात पडायचे नाही. दफ्तराचा मुख्य हा राज्यातला पहिल्या पंगतीचा माणूस होता, एवढे आपल्या कामापुरते पुरे.

शिवाजीमहाराजांच्या काळात येऊ. अठरा कारखाने आणि बारा महाल हे शब्द आपण शाळेत घोकलेले असतात. खजिना, जवाहीरखाना, अंबरखाना, तोफखाना, दारूखाना, पीलखाना, फरासखाना, जामदारखाना हे कारखान्यांतले काही. पोते, कोठी, इमारत, पागा, थट्टी, टंकसाळ हे महालांतले. मीही ही नावे वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतली, आणि यादी पाठ झाली की गुण दिले. त्या पिशवीपुढे बसलो तेव्हा प्रथमच मनात आले, की ही ऐश्वर्याची यादी नव्हे, ही खर्चाची विभागणी आहे! हत्तीचा चारा पीलखान्यात, घोड्याचा दाणा पागेत, गाईगुरांची वैरण थट्टीत. राज्यात गवत एकच उगवते. पण ते कोणासाठी कापले यावरून त्याचे खाते ठरते. आणि प्रत्येक खात्यामागे जाब देणारा एक माणूस उभा आहे. किल्ल्यावरसुद्धा हवालदार निराळा, सबनीस निराळा, कोठाराचा हिशेब ठेवणारा कारखानीस निराळा. चारा कमी पडला तर कोणाला बोलवायचे, हे ठरलेले असे.

एकट्या कारागिराच्या धंद्यात हीच अडचण आहे. तोच हवालदार, तोच सबनीस, तोच कारखानीस, आणि घरी गेल्यावर तोच मुलगा, भाऊ आणि मामा. जाब मागायचा कोणी आणि द्यायचा कोणी? म्हणून माणसे नसतील तिथे निदान खाती तरी वेगळी हवीत.

पेशवाईत ही विद्या कळसाला गेली. हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर अशी त्याची दोन मोठी अंगे. चालत्या दफ्तरातल्या फडावर रोजकीर्द लिहिली जाई. एकबेरीज दफ्तरात सगळ्या शाखांचे हिशेब आणून त्यांचे वर्षाचे तर्जुमे, म्हणजे गोषवारे, आणि खतावण्या तयार होत. साऱ्या दौलतीत कोणत्या बाबीवर वर्षाला काय गेले, ते एका जागी पाहायला मिळे. मागच्या वर्षांचे आकडे हाताशी असल्याने पुढच्या वर्षाचा अजमास काढता येई. खतावणीचे खरे काम हेच. तिचे तोंड मागे असते, पण उपयोग पुढे.

१७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने आमचा तारापूरचा किल्ला घेतला. बाजी भीमराव तिथेच पडले. मे महिन्यात वसई आली. या मोहिमेच्या शौर्याच्या कथा आपण ऐकतो, पण सुरुंगाची दारू, शिबंदीचा पगार, पडलेल्या बुरुजाची दुरुस्ती हे सगळे कोणीतरी कारकून दिव्याच्या उजेडात टाकाने लिहीत बसला असेल, त्याचा पोवाडा कोणी रचला नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत या दफ्तराची आबाळ झाली, कारकून कमी केले, कागद लोकांनी घरी नेले. १८१८ नंतर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतले तेव्हा शेवटच्या वीस-बावीस वर्षांचे हिशेब त्यांना धड मिळेनात. राज्य दफ्तर बिघडले म्हणून बुडाले असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही एकाच वेळी बिघडली.

आता खाजगीकडे वळतो, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या दुखण्याचे मूळ तिथे होते. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळी खासगी जहागीर करून देण्यात आली. तेव्हापासून होळकरांकडे दौलत निराळी आणि खासगी निराळी. गौतमाबाईंनंतर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी जी देवळे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च या खासगीतून झाला. फौजेचा पैसा देवाला दिला नाही आणि देवाचा पैसा फौजेकडे वळू दिला नाही. एवढा मोठा दानधर्म करूनही दौलतीला धक्का लागला नाही, त्याचे पुष्कळसे श्रेय या दोन थैल्यांना द्यावे लागेल.

माझा विद्यार्थी आणि मी चार रात्री बसलो. त्याच्या वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे तांबड्या पेन्सिलीने खाते लिहायचे. पोलाद मालात. कानशी, छिन्न्या, मशीनची दुरुस्ती हत्यारांत. मात्र मशीनच नवे घेतले तर तो त्या वर्षाचा खर्च धरायचा नाही, ते पुढची अनेक वर्षे चालणार. वीज आणि जागा एकत्र. मदतनिसाचा रोज मजुरीत. पण त्याला दिलेली उचल मजुरीत नाही. तिला पेशव्यांच्या कारकुनांनी फार चांगला शब्द ठेवला आहे: तसलमात. दिली आहे, पण अजून खर्ची पडलेली नाही. मुंबईच्या तिकिटांपाशी आम्ही अडलो. तिकीट तेच, गाडी तीच. पण झवेरी बाजारात डाय पोचवायला गेला तर धंद्याचा प्रवास, आणि आईला इस्पितळात नेले तर घर. अर्ध्या तिकिटांच्या बाबतीत तो कशासाठी गेला होता हे त्यालाच आठवेना. तेव्हा नियम केला: खाते त्याच दिवशी, पैसे देतानाच लिहायचे. रात्री नाही, रविवारी नाही.

उरले ते किरकोळ. बेरीज केली आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. सगळ्यांत मोठे खाते तेच भरले! मग ते फोडले. चहा, रिक्षा, वर्गणी, फोन, गिऱ्हाइकाबरोबरचे जेवण. किरकोळ हे खाते नसून आळसाचे टोपणनाव आहे, असे माझे तेव्हापासून मत झाले आहे.

याच नादात मी एल्फिन्स्टनचा १८१९ सालचा अहवाल पाहिला. त्यात गावच्या आणि मामलतीच्या खर्चाची एक गंमत आहे. वरच्या कामगारांना आणि हिशेबतपासनिसांना चारायचे पैसे 'दरबारखर्च' या नावाने निघू लागले. होता होता हे पैसे इतके रूढ झाले की त्यांचेही उघड खाते पडले, आणि इतर खात्यांसारखी त्याचीही काटेकोर तपासणी होऊ लागली. आता लाच जर उघड झाली तर तपासनिसाला गुपचूप काय द्यायचे? म्हणून आणखी वसुली. चोरून द्यायच्या अशा पैशांना 'अंतस्थ' हा शब्द होता. माझा विद्यार्थी हे ऐकून इतका हसला की आतून त्याची आई बाहेर आली.

आणि तिथेच माझी चूक उघडी पडली. वहीच्या कागदावर मी मोठ्या अक्षरांत एक खाते काढले होते: 'आई'. औषध, डॉक्टर, इस्पितळाचे तिकीट, सगळे त्याखाली. बाईंना वाचता येते. त्यांनी ते पान बघितले, बेरीज बघितली, आणि म्हणाल्या, "मास्तर, आता माझाही हिशेब ठेवायचा का?" त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मला उत्तर सुचले नाही. मुलाने काही न बोलता 'आई' खोडले, तिथे 'घर' लिहिले, आणि त्या खात्यात स्वतःच्या मोटारसायकलचे पेट्रोल, बारशाचा आहेर, दिवाळीचे कपडे सगळे आणून टाकले. बेरीज वाढली, पण बाईंनी पुन्हा वहीकडे पाहिले नाही.

शेवटी निघाले काय? मशीन निर्दोष होते. धंद्याच्या पैशातून घर चालत होते हे योग्यच. पण किती, ते ठरलेले नव्हते, म्हणून ज्या महिन्यात आजारपण वाढे त्या महिन्यात पोलाद उधारीवर येई आणि महाग पडे. दुसरे, बारीकसारीक दुरुस्तीच्या कामासाठी तो एकेक डाय घेऊन मुंबईला जात होता. तिकीट थोडके, पण दिवस बुडे. तिसरे दुखणे खर्चाचे नव्हतेच. गिऱ्हाइकांकडे अडकलेला पैसा तो मनात शिल्लक म्हणून धरून चालला होता.

या तिसऱ्या दुखण्याने तर तारापूरची केवढी मोठी पेढी बसली! विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे पारशी बंधू. तारापूरचा किल्ला विकाजींना इनाम मिळाला होता. त्यांनी हैदराबादेत पेढी घातली. १८२५-२६ साली वऱ्हाडातला कापूस बैलांवर लादून प्रथम मुंबईला आणला तो त्यांनी. औरंगाबादेस त्यांच्या नावाचा 'पेस्तनशाही' रुपयासुद्धा पडला. निजामसरकारला त्यांनी अतोनात कर्ज दिले, त्यापोटी वऱ्हाडातले मुलूख वसुलीसाठी हाती आले. पुढे मुलूख काढून घेतले गेले, येणे मात्र येणेच राहिले, आणि पेढी कोसळली. त्यांच्या वह्यांत चूक नसावी. येणे असलेला पैसा वहीत खराच असतो. तो फक्त हातात नसतो. हे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, माझा निजाम झवेरी बाजारात बसतो."

मशीन त्याने विकले नाही. निदान अजून तरी नाही. घरासाठी महिन्याची रक्कम ठरवली आहे, दुरुस्तीची कामे साठवून पंधरवड्याने एकदाच मुंबईला जातो. दोन जुन्या गिऱ्हाइकांना उधारी बंद केली, त्यांतला एक तुटला. ते त्याला अजून लागून राहिले आहे.

गेल्या पाडव्याला तो नवी वही दाखवायला आला. पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्यावर खात्यांची नावे, सुरेख वळणदार अक्षरात. शाळेत असताना त्याचे अक्षर असे कधीच नव्हते. बरोबर पेढ्यांचा पुडा होता. मी पुडा सोडत असताना त्याने खिशातून पेन काढले आणि विचारले,

"सर, हे पेढे कुठल्या खात्यात टाकू?"

"अंतस्थात टाक," मी म्हणालो.