थिन क्लायंट संगणकांचा पुनर्वापर

थिन क्लायंट म्हणजे स्वतःची साठवण जेमतेम असलेला छोटा संगणक. खरे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. हा डबा फक्त तिथले चित्र पडद्यावर आणतो आणि कळफलक-माउसचे इशारे तिकडे पोचवतो. बँका, कॉल सेंटर, रुग्णालये अशा ठिकाणी तो मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने अडकवलेला असतो. कार्यालयाने प्रणाली बदलली की असे डबे ढिगाने निघतात. पंखा नाही, फिरती हार्डडिस्क नाही, त्यामुळे झिजण्यासारखे फारसे काही नसते. हेच डबे पुढे घरगुती सर्व्हर, फायरवॉल किंवा माहिती-फलक म्हणून वापरण्याची प्रथा संगणकाच्या हौशी मंडळींत रुळली आहे.

या यंत्राचे पूर्वज म्हणजे मोठ्या संगणकांना जोडलेले टर्मिनल. १९८१ साली स्थापन झालेली वाईज ही कंपनी आधी त्यांसाठीच ओळखली जाई. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली आणि विंडोजचा डेस्कटॉप दूरवरून वापरणे सोपे झाले. पुढे एचपीने २००७ मध्ये निओवेअर ही थिन क्लायंट बनवणारी कंपनी व डेलने २०१२ मध्ये वाईज विकत घेतली. आज जुन्या बाजारात दिसणारा बराचसा माल या दोन घराण्यांचा असतो.

जुने यंत्र घेताना लोक प्रोसेसरचा वेग विचारतात. त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की स्मृती व साठवण बदलता येते का? एचपी टी६२० मध्ये रॅमच्या दोन खाचा आणि एम.२ आकाराची साटा खाच आहे; जास्त रॅम व मोठी एसएसडी बसवली की तो रोजच्या कामाचा संगणक होतो. याच खाचेत एनव्हीएमई एसएसडी मात्र चालत नाही, आणि दिसायला दोन्ही सारख्याच असल्याने फसगत होते. याउलट डेल वाईज ३०४० मध्ये २ जीबी रॅम आणि ८ किंवा १६ जीबी ईएमएमसी थेट बोर्डावर डाख दिलेली असते. जे मिळाले त्यातच भागवायचे.

३०४० चा स्वभाव सविस्तर सांगण्याजोगा आहे. तळहातावर मावणाऱ्या या डब्यात इंटेलचा चार गाभ्यांचा अ‍ॅटम एक्स५-झेड८३५० प्रोसेसर आहे. त्याच्या काही प्रती ५ व्होल्टवर चालतात, तर काही १२ व्होल्टवर; त्यामुळे अ‍ॅडाप्टर जोडण्यापूर्वी तळाचे लेबल वाचणे अगत्याचे. बायोसला बहुधा परवलीचा शब्द असतो. वाईजचा मूळ शब्द ‘फायरपोर्ट’, रोमन लिपीत आणि पहिले अक्षर मोठे. आधीच्या मालकाने तो बदलला नसेल तर कुलूप लगेच उघडते. खरी अडचण पुढे येते. डेबियन ही लिनक्स प्रणाली सुरळीत बसते, यंत्र पुन्हा सुरू केले की मात्र बूट करण्याजोगे काहीच सापडत नाही. कारण या फर्मवेअरला बूटलोडर एकाच ठरलेल्या जागी हवा असतो : ईएफआय विभागातल्या ‘बूट’ फोल्डरात, पेनड्राइव्हसारख्या काढत्या माध्यमासाठी राखलेल्या नावाने. इन्स्टॉलरच्या तज्ज्ञ पद्धतीत ग्रब हा बूटलोडर त्या जागीही ठेवायचा का, असे विचारले जाते. तिथे ‘हो’ म्हटले की प्रश्न मिटतो. डेबियनचा चित्ररूप इन्स्टॉलर मराठीतूनही चालवता येतो, ही सोय अनेकांना ठाऊक नसते.

यंत्रावर मुळातली विंडोज एम्बेडेड प्रणाली तशीच असेल तर आणखी एक कोडे पडते. केलेले बदल पुन्हा सुरू करताच नाहीसे होतात. यंत्र बिघडलेले नसते; ‘राइट फिल्टर’ सर्व लेखन तात्पुरत्या स्मृतीत ठेवून शेवटी पुसतो. तो आधी बंद करावा, नाहीतर प्रणालीच बदलावी. ईएमएमसीचे आयुष्य लेखनाच्या वारंवारतेवर ठरते. म्हणून नोंदवह्या, म्हणजे लॉग, रॅममध्ये ठेवणे आणि स्वॅप टाळणे शहाणपणाचे. अतिजुने ३२-बिट नमुने स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही.

काम निवडताना यंत्राची ताकद पाहावी. घरातल्या सर्व उपकरणांसाठी जाहिराती गाळणारा पाय-होल, यूएसबी प्रिंटर सर्वांना वापरू देणारी कप्स ही प्रणाली, वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा, एवढे ३०४० ला सहज पेलते. फायरवॉलसाठी एकाहून जास्त नेटवर्क जोडण्या लागतात. तिथे टी६२० चा जाडसर ‘प्लस’ नमुना अधिक सोयीचा, कारण त्यात विस्तारकार्डाची खाच आहे. त्या पिढीच्या एएमडी प्रोसेसरात एईएस सांकेतिकरणाच्या सूचनाही आहेत. आधीच्या टी६१० मध्ये त्या नाहीत, म्हणून ओपनव्हीपीएनसारख्या कामात तो मागे पडतो. व्हिडिओचे रूपांतर किंवा दहा-बारा ब्राउझर टॅब यांची अपेक्षा मात्र यांपैकी कोणाकडूनही ठेवू नये.

सर्व्हरवर विसंबण्याची मूळ कल्पनाही या डब्यांत अजून वापरता येते. १९९९ मध्ये सुरू झालेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्प (एलटीएसपी) अशा यंत्रांना नेटवर्कवरून बूट करतो. डब्यात साठवण नसली तरी चालते. शाळेच्या संगणककक्षात एक बरा सर्व्हर आणि बाकी सगळे जुने थिन क्लायंट अशी मांडणी त्यामुळे शक्य होते. सर्व्हर बंद पडला तर मात्र अख्खा वर्ग बंद पडतो.

भारतात २०२२ चे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वापरून संपलेला डबा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा. त्याआधी ईएमएमसी किंवा एसएसडीवरचा आधीच्या कार्यालयाचा मजकूर पुसून टाकावा.