आजोबांचे डॉक्टर, आजीचे डॉक्टर

भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी बोदवड सोडून मलकापूरला पोचायची, तोवर प्रांत बदललेला असे. भुसावळ मुंबई इलाख्यात, मलकापूर वऱ्हाडात. जीआयपी रेल्वेत गार्ड असलेले आजोबा म्हणत, "घर खेरांच्या राज्यात, ड्यूटी खऱ्यांच्या!" 1936 च्या डिसेंबरात जवळच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलंच. पुढच्या वर्षी निवडणुका होऊन मुंबईला बाळासाहेब खेर आणि नागपूरला डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान झाले.

आजोबांचा जीव खऱ्यांवर. जन्म पनवेलचा, वैद्यकीचं शिक्षण लाहोरला, नाव कमावलं नागपुरात. पण त्यांच्या मंत्रिमंडळात मराठी नागपूर-वऱ्हाड आणि हिंदी महाकोशल यांचं जमेना. पचमढीला समेट झाला, टिकला नाही. 20 जुलै 1938 ला खऱ्यांनी राजीनामा दिला. महाकोशलचे तिघे मंत्री हटेनात, तेव्हा गव्हर्नर वायलींनी त्यांना रातोरात बडतर्फ केलं. दुसऱ्या दिवशी खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ केलं, त्यात अग्निभोज हे दलित मंत्री घेतले. श्रेष्ठींना न विचारता गव्हर्नरची मदत घेतली म्हणून काँग्रेसनं दोनच दिवसांत त्यांना पायउतार व्हायला लावलं. गादीवर रविशंकर शुक्ल आले.

"डॉक्टरला एकट्यानं ठरवायची सवय," आजोबा हळहळत. "मंत्रिमंडळात जो तो स्वतःलाच डॉक्टर समजतो."

आजीचे डॉक्टर वेगळे. खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी खातं डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होतं. हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर, गांधीजींनाही तपासणारे. 1939 च्या ऑगस्टात त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी आणली. पगाराच्या रात्री रेल्वे क्वार्टर्समध्ये काय चालतं हे पाहिलेली आजी विचारायची, "मुंबईले बंद झाली, आपल्या भुसावळले कव्हा होईन?"

1943 नं दोघांचा वाद कायमचा पेटता ठेवला. त्या साली खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याच सरकारचे कैदी असलेले गिल्डर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींची प्रकृती सांभाळत होते, पुढे कस्तुरबांच्या अखेरच्या दुखण्यातही तेच होते. आजोबा म्हणत, खऱ्यांना काँग्रेसनंच तिकडे ढकललं. आजीचं उत्तर ठरलेलं: "मंत्रिपद गेलं तरी ज्याचं डाक्टरपन जात नाही, तो खरा."

आमच्या भागानं पुढे 1991 आणि 1996 ला डॉ. गुणवंतराव सरोदे, 1998 ला डॉ. उल्हास पाटील लोकसभेत पाठवले. आजोबा तोवर गेले होते. आजी मात्र काठी टेकत मतदानाला जायची, आणि प्रचाराला आलेल्या पोरांना, पक्ष कोणताही असो, एकच विचारायची, "तुमचा डाक्टर दिल्लीले गेल्यावर दवाखाना कोन पाहीन?"