चट्टा (तळटीप)

१. चट्टा : परसवाड्यासारख्या (जि. बालाघाट) भागात न दुखणारा चट्टा म्हटला, की आधी कुष्ठरोगाची शंका येते. येथे अभिप्रेत आहे तो त्वचेचा क्षय, ‘ल्युपस व्हल्गॅरिस’. हा तांबूस-तपकिरी चट्टा वर्षानुवर्षे एका कडेने सरकतो, दुसरीकडे व्रण ठेवत जातो. काचपट्टीने दाबला, की लाली ओसरून सफरचंदाच्या जेलीच्या रंगाचे ठिपके उरतात. कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो. इथे कापसाचा स्पर्शही कळतो. जंतू अगदी थोडे, म्हणून सूक्ष्मदर्शकात सहसा सापडत नाहीत. कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो. याच रोगावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. आज क्षयाची नेहमीची औषधे साधारण ६ महिने नेमाने घेतली, की तो बरा होतो. — संपा.