मस्किंगम पद्धतीचा इतिहास : पुराचे भाकीत आणि इष्टतम उत्तराचा शोध

नदीच्या वरच्या ठाण्यावर पाणी चढू लागले म्हणजे खालच्या गावातील लोकांना दोन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात : पाणी किती चढेल आणि केव्हा चढेल. पूरमार्गणाचे, म्हणजे पुराच्या वाटचालीच्या गणिताचे, सारे शास्त्र ह्या दोन प्रश्नांभोवती उभे आहे. पूर खाली सरकत असता त्याचे शिखर बसत जाते आणि त्याची लाट पसरत जाते. कारण वाटेतील पात्र काही पाणी काही काळ आपल्या पोटात ठेवून घेते आणि मागाहून सोडून देते. ह्या तात्पुरत्या संचयाचा हिशेब कसा मांडावा, हा मूळ प्रश्न होय. त्या हिशेबाची एक साधी रीत १९३८ साली अमेरिकेत निघाली आणि पुढे संगणकाच्या युगात इष्टतमीकरणाच्या अनेक पद्धतींची ती कसोटी होऊन बसली. ह्या स्थित्यंतरात शास्त्राने काय मिळविले आणि कोणता प्रश्न त्याच्या नजरेआड होऊ लागला, हे पाहणे उद्बोधक आहे.

१

पुराच्या गतीची मूलभूत समीकरणे फ्रेंच अभियंता सें-व्हनां ह्याने १८७१ साली मांडली. वस्तुमान व संवेग ह्यांच्या अक्षय्यतेवर आधारलेली ही समीकरणे तत्त्वतः परिपूर्ण होती. परंतु वेड्यावाकड्या पात्राच्या खऱ्या नदीसाठी ती हाताने सोडविणे अशक्यप्राय होते. त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांना सोप्या वाटा शोधाव्या लागल्या. जेम्स सेडन ह्याने १९०० साली मिसिसिपी व मिसुरी ह्या नद्यांच्या अभ्यासातून असे दाखविले की, पुराची लाट पाण्याच्या सरासरी वेगाने जात नाही, तर पाण्याची पातळी वाढत असता प्रवाह ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणावर तिचा वेग ठरतो.

पुढील प्रगतीला निमित्त झाले ते एका आपत्तीचे. मार्च १९१३ मध्ये ओहायो राज्यात आलेल्या महापुरात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मायामी नदीवरील डेटन आणि मस्किंगम नदीवरील झेन्सव्हिल ही शहरे पाण्याखाली गेली. १९१४ साली राज्याने नदीखोऱ्यांच्या संरक्षक मंडळांसाठी कायदा केला. मस्किंगम खोऱ्याचे मंडळ १९३३ साली स्थापन झाले आणि १९३८ पर्यंत त्या खोऱ्यात चौदा धरणे उभी राहिली. ह्याच नदीच्या पूरनियंत्रणाच्या अभ्यासातून अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलातील जी. टी. मॅकार्थी ह्याने १९३८ साली एका परिषदेपुढे आपली पद्धती मांडली. तो निबंध रीतसर प्रसिद्ध झाला नाही. तथापि नदीचे नाव घेऊन ती पद्धती जगभर गेली.

मॅकार्थीची कल्पना अशी. नदीच्या एखाद्या टप्प्यात साठलेल्या पाण्याचे दोन भाग पडतात. एक भाग सम प्रवाहाचा, त्यास लोलक-संचय म्हणावे. दुसरा पूर चढताना त्यावर तिरपा चढणारा आणि पूर ओसरताना उणा होणारा, त्यास पाचर-संचय म्हणावे. पहिला टप्प्याबाहेर पडणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो, दुसरा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहांतील फरकावर. दोन्ही मिळून समीकरण होते ते असे :

संचय = क × [क्ष × अंतर्वाह + (१ − क्ष) × बहिर्वाह]

येथे ‘क’ ह्या प्राचलाचे परिमाण काळाचे आहे. लाटेला तो टप्पा ओलांडण्यास लागणारा वेळ स्थूलमानाने तो दर्शवितो. ‘क्ष’ हा भारांक सामान्यतः शून्य व अर्धा ह्यांच्या दरम्यान असतो. तो जितका लहान तितके शिखर अधिक बसते. मागील एखाद्या पुराच्या नोंदी घेऊन ‘क्ष’ची निरनिराळी मूल्ये मानावयाची, प्रत्येक वेळी संचय आणि कंसातील भारित प्रवाह ह्यांचा आलेख काढावयाचा, आणि ज्या मूल्यास आलेखातील वेटोळे मिटून जवळजवळ सरळ रेषा होते ते मूल्य स्वीकारावयाचे. त्या रेषेचा उतार म्हणजे ‘क’. निर्णय अभियंत्याच्या डोळ्याने व्हावयाचा. पण दोन्ही प्राचलांचा अर्थ त्याला ठाऊक असे, आणि पात्राशी ताडून तो ते पारखू शके.

२

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्युत्-गणकयंत्रे आली आणि सें-व्हनांची समीकरणे पुन्हा आवाक्यात आली. न्यूयॉर्क विद्यापीठातील आयझॅकसन, स्टोकर व ट्रोश ह्यांनी अभियंता दलासाठी १९५३ ते १९५६ ह्या काळात ओहायो नदीच्या प्रत्यक्ष पुरांचे गणित युनिव्हॅक यंत्रावर करून पाहिले. १९५५ साली लाइटहिल व व्हिटम ह्यांनी शुद्धगतिक लाटांचा सिद्धान्त मांडून सेडनच्या जुन्या निरीक्षणाला गणिती बैठक दिली.

ह्या पार्श्वभूमीवर मस्किंगम पद्धती कालबाह्य ठरावयास हवी होती. तसे झाले नाही, ह्याचे श्रेय बऱ्याच अंशी झां क्यूंज ह्याच्या १९६९ च्या निबंधास द्यावे लागते. त्याने दाखवून दिले की, मस्किंगमचे समीकरण म्हणजे वस्तुतः शुद्धगतिक लाटेच्या समीकरणाचे एक सांत-अंतर रूप आहे, आणि त्यात शिखर बसताना दिसते ते अंकगणनेतील विसरणामुळे. हे विसरण नदीतील खऱ्या विसरणाइतके ठरवून घेतले की ‘क’ आणि ‘क्ष’ ही दोन्ही मूल्ये पात्राची रुंदी, तळाचा उतार, प्रवाह आणि लाटेचा वेग ह्यांवरून काढता येतात. जेथे पूर्वीच्या पुराची नोंद नाही तेथेही ही पद्धती वापरण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

३

दुसरी वाट इष्टतमीकरणाची होती. कित्येक टप्प्यांत वेटोळे काही केल्या सरळ होत नाही. संचय व प्रवाह ह्यांचे नाते तेथे मुळातच वक्र असते. म्हणून १९७८ साली गिल ह्याने कंसातील राशीला ‘म’ हा घातांक देऊन अरेषीय समीकरण पुढे मांडले. आता प्राचले तीन झाली आणि डोळ्याने रेषा जुळविण्याचा उपाय संपला. निरीक्षित आणि गणित बहिर्वाहांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी तीन मूल्ये शोधणे, असे प्रश्नाचे नवे रूप झाले. आणि हे काम संगणकाचे होते.

ह्या शोधासाठी बहुतेक संशोधकांनी एकच पूर घेतला. विल्सन ह्याच्या जलविज्ञानावरील पाठ्यपुस्तकात १९७४ साली छापलेला हा पूर सहा-सहा तासांच्या अंतराने घेतलेल्या बावीस नोंदींचा आहे. वरच्या ठाण्यावर ३० व्या तासाला १११ घनमीटर प्रतिसेकंद हे शिखर आले. खालच्या ठाण्यावर ते ६० व्या तासाला ८५ इतके होऊन पोहोचले. गिलच्या न्यूनतम वर्गांच्या रीतीने काढलेल्या मूल्यांसाठी फरकांच्या वर्गांची बेरीज १४३.६० येते. टुंग ह्याने १९८५ साली हूक व जीव्ह्‌ज ह्यांच्या शोधपद्धतीला इतर रीतींची जोड देऊन ती ४५.५४ वर आणली. १९९३ साली यून व पद्मनाभन ह्यांनी ४१.२८ पर्यंत मजल मारली. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एस. मोहन ह्यांनी १९९७ साली जनुकीय रीत वापरली. निवड, संकर व उत्परिवर्तन ह्या जीवसृष्टीतील क्रियांचे अनुकरण करणाऱ्या ह्या रीतीस आरंभीच्या अचूक अंदाजाची गरज नव्हती, आणि हा तिचा खरा लाभ होता. बेरीज ३८.२३ झाली. २००१ साली किम, गीम व किम ह्यांनी वादकांच्या उत्स्फूर्त सुरावटीवर बेतलेल्या ‘सुसंवाद-शोध’ रीतीने ती ३६.७८ वर नेली. पुढे २००६ साली गीम ह्यानेच कलनशास्त्रावर आधारलेल्या जुन्या धाटणीच्या एका रीतीने जवळजवळ हेच उत्तर मिळविले. आणि २०११ साली बराटी ह्याने १९६५ पासून ज्ञात असलेल्या नेल्डर-मीड रीतीने तेथेच पोहोचून दाखविले. दरीचा तळ सापडला होता.

४

ह्या आकड्यांचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. बेरजेला नोंदींच्या संख्येने भागून वर्गमूळ काढले, तर १४३.६० म्हणजे सरासरी सुमारे २.५६ घनमीटर प्रतिसेकंद इतकी चूक होते; ३८.२३ म्हणजे सुमारे १.३२, आणि ३६.७८ म्हणजे सुमारे १.२९. पहिली घट महत्त्वाची आहे, ह्यात संशय नाही. परंतु शेवटच्या पायरीने साधलेला फरक प्रतिसेकंद अडीच शतांश घनमीटर एवढाच आहे, आणि मूळ नोंदी तर पूर्णांकात छापलेल्या आहेत. केवळ अपूर्णांक सोडून देण्यानेच प्रत्येक नोंदीत अर्ध्या घनमीटरपर्यंत चूक संभवते. पुराच्या वेळी प्रवाह मोजण्यातील अनिश्चितता तर त्याहूनही पुष्कळ मोठी. ज्या मापाने नोंद घेतली त्याहून बारीक मापाने दोन रीतींची तुलना होत राहिली, असेच म्हणावे लागते.

प्राचलांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९९७ च्या उत्तरात ‘क’ ०.१०३३ आणि ‘म’ १.८२८२ आहे, २००१ च्या उत्तरात ते अनुक्रमे ०.०८८३ आणि १.८६३० आहेत. म्हणजे ‘क’ सुमारे १५ टक्क्यांनी बदलला तरी गणित केलेल्या पुरात नजरेत भरण्याजोगा फरक पडला नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. शिवाय घातांक आल्यावर ‘क’चे परिमाण केवळ काळाचे राहत नाही, ते ‘म’वर अवलंबून राहते. मॅकार्थीच्या अभियंत्याला ‘क’ पाहून लाटेचा प्रवासकाल सांगता येई. ०.०८८३ ह्या आकड्यावरून तसे काहीच सांगता येत नाही.

ही अडचण एका समीकरणापुरती नव्हती. पर्जन्य व प्रवाह ह्यांच्या प्रतिमानांत इष्टतम उत्तराच्या आसपास असंख्य स्थानिक तळ असतात, हे १९९२ साली दुआन, सोरूशियन व गुप्ता ह्यांनी दाखविले. त्याच वर्षी बेव्हन व बिन्ली ह्यांनी असे प्रतिपादन केले की, सारख्याच योग्यतेची अनेक प्राचले संभवत असतील तर एकाच ‘सर्वोत्तम’ उत्तराचा आग्रह सोडून त्या सर्वांवरून भाकिताची अनिश्चितता मांडावी. त्याआधी १९८६ साली क्लेमेश ह्याने बजावले होते की, ज्या नोंदींवर प्रतिमान जुळविले त्याच नोंदींवर त्याची परीक्षा घेणे ही परीक्षाच नव्हे.

५

एका पुरावर जुळविलेली तीन मूल्ये त्याच पुराचे वर्णन करतात. पुढचा पूर त्याहून मोठा असला, पाणी काठ ओलांडून शेतांत पसरले, तर संचयाचे नातेच बदलते आणि जुनी मूल्ये दिशाभूल करू शकतात. म्हणून इष्टतमीकरणाच्या साधनांना दोष देण्याचे कारण नाही; त्यांना विचारलेला प्रश्न अपुरा होता. झालेल्या पुराशी सर्वांत जवळचे उत्तर कोणते, हे त्यांनी चोख सांगितले. न झालेल्या पुरासाठी कोणत्या उत्तरावर किती विसंबावे, हे त्यांना फारसे विचारलेच गेले नाही.

मस्किंगम पद्धती टिकली ती तिच्या गणिताच्या बारकाईमुळे नव्हे. नदीचा टप्पा पाणी साठवितो आणि सोडतो, ही साधी गोष्ट तिने दोन अर्थपूर्ण संख्यांत बांधली. आणि क्यूंजने त्या संख्यांना पुन्हा पात्राच्या रुंदीशी व उताराशी जोडून दिले. संगणकाने काढलेल्या उत्तराला ही जोड राहिली आणि दुसऱ्या पुरावर त्याची परीक्षा झाली, तरच ते झेन्सव्हिलसारख्या गावाला ‘किती’ आणि ‘केव्हा’ ह्यांचे उत्तर म्हणून देता येईल.