पाटा उताणा, पाटा पालथा

सातारा-सांगली पट्ट्यात गाडी उचलून घ्यायला गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. गाडी खाली घ्यायला येणारे फार उशिरा आले, आणि आले ते खिशात थोडे पैसे घेऊन. त्यांचं काम केलं कमानपाट्याच्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पाट्यांच्या, दुकानांनी. कराडला कोल्हापूर नाक्याजवळ आमचं असंच एक दुकान होतं. वडील ऐरणीवर असायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी आधी भात्यावर बसलो, मग घण हातात आला, आणि पुढं आयटीआयमध्ये पोरांना हेच शिकवण्यात नोकरी गेली. या भागातल्या कारखानदारीचा इतिहास लिहिणारे किर्लोस्करवाडीचा नांगर सांगतात, १९१६ साली उभा राहिलेला ओगल्यांचा काचकारखाना सांगतात, साताऱ्याच्या कूपरांची इंजिनं आणि महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया सांगतात. सांगायलाच हवं. पण नाक्यानाक्यावरच्या पाटेवाल्याला त्यात एक ओळ मिळालेली मी पाहिली नाही.

आबांचे वडील बैलगाडीला धाव चढवायचे. लोखंडी कडं शेणीच्या आगीत लाल करायचं, लाकडी चाकावर बसवायचं आणि पाणी ओतून आवळायचं. त्या गाडीला स्प्रिंग नव्हतीच. तिची उंची यायची चाकाच्या मापातून. चिखल, ओढे, काळी रानं यांतून जायचं तर चाक मोठंच हवं. कमानीवर बसवलेली आणि मुद्दाम खाली ठेवलेली गाडी या डोंगराळ भागानं पाहिली ती टांग्याच्या रूपात. एकावर एक पाटे रचून घोडागाडीला कमान देण्याचं पेटंट लंडनच्या ओबादाया इलियटनं १८०४ साली घेतलं होतं; आपल्याकडं ती विद्या साहेबाच्या बग्गीबरोबर आली. १८८०च्या दशकात पुण्याहून मिरजेकडं मीटरगेज रेल्वे सुरू झाल्यावर महाबळेश्वरला जाणारी मंडळी वाठार स्टेशनावर उतरायची आणि पुढं टांगा करायची. दोन तट्टं, दोन चाकं, बैठक अगदी खाली. पसरणीच्या घाटात वळणावर गाडी कलंडू नये म्हणून वजन जमिनीलगत हवं, हे त्या टांगेवाल्यांना कुणा इंजिनिअरनं शिकवलेलं नव्हतं.

१९५०-६०च्या दशकांत कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस ओढायला टायरगाड्या आल्या. लाकडी चाकाच्या निम्म्या उंचीची चाकं, जुन्या मोटारींचे टायर. गाडीची साटी खाली आली, मोळी चढवणाऱ्याचे खांदे वाचले. त्याच गाड्यांनी आमचा धावेचा धंदा बुडवला. आबांनी भाता तोच ठेवला, ऐरण तीच ठेवली आणि ट्रकचे पाटे हातात घेतले. टाटांनी १९५४ साली मर्सिडीज-बेंझच्या साथीनं ट्रक काढले होते. आमच्या नाक्यावरून ऊस, सांगलीची हळद आणि तासगावची द्राक्षं घेऊन तेच जायचे. क्षमतेपेक्षा जादा माल भरायचा तर गाडी बसते. म्हणून मागं एक पाटा वाढवा, दोन वाढवा, कमान चढवा. आमच्या दुकानाची भाकरी कितीतरी वर्षं या चढवण्यावर चालली.

मग वडापचा, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांचा, जमाना आला. एसटी जिथं दिवसातून दोनदा जायची तिथं जीप आणि ट्रॅक्स दर पाऊण तासानं सुटायला लागल्या. आत माणसं दाटीवाटीनं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी वेगळी. त्या गाड्यांनाही आम्ही पाटे वाढवून दिले. खाली घेण्याचं काम सुरू झालं ते इथूनच. वडापमध्ये राबून झालेली जीप एखादा शेतकरी घरच्या वापरासाठी स्वस्तात घ्यायचा. चौघंच बसली की ती दगडासारखी उडायची. तो गाडी आणून लावायचा आणि म्हणायचा, "आबा, हिचं टाळकं जरा खाली घ्या, म्हातारीची कंबर मोडली." आबा जादा पाटे काढून टाकायचे, उरलेल्यांची कमान उतरवायचे, आणि काढलेले पाटे त्यालाच परत द्यायचे. चांगल्या पाट्याचा कोयता पिढीभर टिकतो.

पुढं फियाट घेऊन पोरं यायला लागली. सांगली, कराड, साताऱ्याच्या कॉलेजांतली. दहा-बारा हातांतून फिरलेली पद्मिनी, वडिलांशी भांडून घेतलेली. त्यांना गाडी रस्त्याला धरून बसलेली हवी होती. मासिकांत रॅलीच्या गाड्या बघितलेल्या असायच्या, पण बाहेरून आणलेल्या स्प्रिंगा घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. फियाटला पुढं गुंडाळीची स्प्रिंग असली तरी मागं पाटेच होते, आणि पाटे म्हणजे आमचं घरचं काम. अॅम्बॅसडरलाही मागं पाटे. पुढं मात्र टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन वजन पेलणारा लांब पोलादी दांडा. त्याच्या टोकाला बारीक दाते असतात. दांडा सोडवून एखादा दाता सरकवून परत बसवला की नाक खाली येतं. सामानाला एक पैसा लागत नाही, लागते ती मजुरी आणि धीर.

कमान कशी उतरवतात ते नीट सांगतो, कारण ते करून दाखवणारे हात आता कमी होत चाललेत. गाडी जॅकवर घेऊन चासीखाली ठोकळे लावायचे. यू बोल्टांना घासलेट पाजून सोडायचं. पाट्यांचा गठ्ठा खाली आला की शिकंजात आवळूनच मधला सेंटर बोल्ट काढायचा, नाहीतर पाटे उसळून तोंडावर येतात. प्रत्येक पाट्यावर खडूनं आकडा टाकायचा. मग मेन पाटा फरशीवर आडवा ठेवून त्याच्या कडेनं खडूची रेघ ओढायची. ही झाली जुनी कमान. तिच्या आत नवी, थोडी सपाट रेघ काढायची. दोन रेघांमधलं मधोमधचं अंतर म्हणजे गाडी साधारण किती उतरणार ते.

आता घण. कमान चढवायची तर पाटा उताणा, उतरवायची तर पालथा. दोन टोकं टेकलेली, मधे पोकळी, आणि घाव मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, बोटा-दोन बोटांच्या अंतरानं. डोळ्याजवळ, म्हणजे पिन जाते त्या वळशाजवळ, घाव घालायचा नाही. दर चार-सहा घावांनी पाटा उचलून खडूच्या रेघेवर ठेवून बघायचा. हे सगळं थंड पाट्यावर. नवखा माणूस पाटा भट्टीत लाल करतो. वाकतो लवकर, पण त्याचं पाणी उतरतं. मग तो पाटा नुसतं लोखंड, महिन्याभरात बसतो. लाल करावाच लागला तर पुन्हा तेलात बुडवून पाणी द्यायचं आणि परत हलकं तापवायचं. ते तापणं पुरेसं झालं की नाही हे आबा वाळक्या लाकडाची काडी पाट्यावर घासून ओळखायचे. काडी धुमसून ठिणग्या सोडायला लागली की पाटा भट्टीबाहेर. मी पुढं आयटीआयमध्ये पोलादाच्या तापमानाचे तक्ते शिकवले. स्प्रिंगच्या पोलादाला चारशे-पाचशे अंशांच्या आसपास ही दुसरी आच लागते. त्या तक्त्यांनी आबांची काडी खरी ठरवली.

आणखी एक गोष्ट, जिच्यात बरीच दुकानं चुकायची. गठ्ठ्यातला प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला असतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर ते एकमेकांना घट्ट धरतात. नुसता मेन पाटा सपाट केला तर ही धरण बिघडते. उतरवायचे तर सगळे पाटे हिशोबानं उतरवायचे. शिवाय पाटा सपाट झाला की लांबीला वाढतो, त्याच्या टोकाची झुलती कडी, म्हणजे शॅकल, मागं झुकते. ती आडवी पडायच्या आत थांबायचं. चासीला अॅक्सल आपटू नये म्हणून असलेल्या रबरापर्यंत किती जागा उरली ते मोजायचं. जीपसारख्या गाडीत पाटा अॅक्सलच्या खालून जातो. तिथं दोघांच्या मधे पोलादी ठोकळा घातला की गाडी उतरते. पाटा अॅक्सलच्या वर असेल तर तोच ठोकळा गाडी चढवतो. हे न बघता ठोकळे विकत घेऊन आलेली गिऱ्हाइकं आबांनी परत पाठवली आहेत.

कमान उतरवण्याचं मोल असं की ताकद जवळपास तेवढीच राहते. पाच पाट्यांतला एक काढला तर गाडी उतरते, पण वजन पेलायची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यानं घटते. कमान उतरवली तर पाटे पाचच्या पाच.

मारुती आली आणि चित्र पालटलं. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या मारुती ८००ला मागं पाटेच होते, पण १९८६ नंतरच्या नव्या गाडीला चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा. नव्वदीत या गाड्या पुण्या-मुंबईतून जुन्या होऊन आमच्याकडं उतरल्या. पोरांना ऐरणीची गरज उरली नाही. हॅकसॉ, नाहीतर ग्राइंडर. एक वेढा कापला की गाडी खाली. याहून स्वस्त काही नाही, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. सहा वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग वीस टक्के ताठ होते, शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागा सोडू शकते. गॅसनं कापली तर पाणीही जातं. कापायचीच असेल तर थंड, पाणी मारत, आणि टोक मूळ घडणीसारखं बसतंय हे बघून. हे मी वर्गात शिकवलं, सिलॅबसमध्ये नसताना.

रस्त्याचा हिशोबही त्या पोरांसमोर मांडायचो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. मारुती ८००च्या दोन अॅक्सलांत २.१७५ मीटर अंतर. चारही चाकं या उंचवट्यावरच असतात, म्हणून गाडीच्या पोटाखालची जागा फक्त साडेतीन सेंटिमीटर खाल्ली जाते. पण आमच्याकडच्या गावांत रस्त्यावर डांबराचा ढीग ओतून जो गतिरोधक करतात तो हातभर रुंद. त्यावरून गाडीची पुढची चाकं उतरून जातात आणि पूर्ण उंचवटा पोटाला लागतो. महामार्ग दोन हजारनंतर चौपदरी झाला तेव्हा खाली बसलेल्या गाडीला साताऱ्यापासून कागलपर्यंत राजरस्ता मिळाला. गाव मात्र महामार्गावर नसतं.

कायद्यानं आता या धंद्यावर कडक नजर ठेवली आहे. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं मूळ घडणीला धक्का लावू नये असं बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी असा कायदा हवा, हे मी मान्य करतो.

पण देवराष्ट्रे आठवा. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, साठ हजारांच्या आत, किक मारून सुरू होणारी चारचाकी घडवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, आणि ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, ती जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना मिळाली. त्यांची गाडी महिंद्रांनी आपल्या संग्रहासाठी घेतली. मला त्यातलं मोठं वाटतं ते हे, की कुणीतरी अशा हातांच्या कामाची वस्तू जपून ठेवायला घेतली.

आमच्या भागात पाट्याची दुकानं अजून आहेत. पिकअपला मागं पाटेच असतात, उसाच्या ट्रॉल्यांनाही. जुन्या दुकानांच्या भिंतीला कमानीचे लोखंडी फर्मे टांगलेले दिसतील. कुठला फियाटचा, कुठला जीपचा, कुठला टाटाचा, खडूनं नाही तर छिन्नीनं खुणा केलेले. दुकान बंद पडलं की ते भंगारात किलोवर जातात. सांगलीच्या वालचंद कॉलेजानं किंवा कराड-साताऱ्याच्या एखाद्या आयटीआयनं ते मागून घ्यावेत, आणि ज्याचा फर्मा आहे त्या मिस्त्रीलाच बोलावून प्रत्येकावर लिहून घ्यावं, कोणत्या गाडीचा, किती बोटं उतरवायला. आबांचे चौदा फर्मे मी द्यायला तयार आहे.