खेड्याच्या दारी आलेली काँग्रेस

निवडणूक जवळ आली म्हणजे पुढाऱ्यांना खेड्याची आठवण होते, ही तक्रार खानदेशात फार जुनी आहे. ती बव्हंशी खरीही आहे. परंतु या तक्रारीची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. जो माणूस वर्तमानपत्र वाचत नाही, सभेला जात नाही, ज्याचा सगळा दिवस शेत, गुरे आणि विहीर यांत जातो, त्याच्यापर्यंत राजकारणाने पोहोचावे तरी कसे? या प्रश्नाला प्रत्यक्ष कृतीने उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न 1936 साली याच प्रांतात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या फैजपूर गावी झाला. राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून फैजपूरचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. पण ते खेड्यात का भरले आणि त्याने काय साधले, याचा विचार तितकासा होत नाही.

मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत 1885 साली सुरू झालेली ही सभा पन्नास वर्षे शहरोशहरी भरत आली होती. प्रारंभीच्या काळात तिची भाषा बहुतांशी इंग्रजी आणि तिचे प्रतिनिधी बहुतांशी वकील, डॉक्टर, संपादक असत. टिळकांनी गणेशोत्सव आणि शिवजयंती यांच्याद्वारे पेठांतील सामान्य माणसास आपलेसे केले व गांधींच्या चळवळींनी खेडी जागी केली हे खरे. तथापि अधिवेशन हा सोहळा शहराचाच राहिला. एप्रिल 1936 मध्ये लखनौचे अधिवेशन झाल्यावर पुढील बैठक महाराष्ट्रात व्हावयाची होती, आणि ती खेड्यातच व्हावी असा गांधींचा आग्रह होता.

त्या वेळेला आणखी एक कारण होते. 1935 च्या कायद्यान्वये प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका 1937 च्या प्रारंभी व्हावयाच्या होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी लोकांना मताचा अधिकार मिळाला होता. त्यांपैकी पुष्कळजण ठरावीक सारा भरणारे शेतकरी होते आणि अनेकांना पूर्वी कधीच मत नव्हते. मत हाती आले म्हणजे राजकारणाची गोडी लागतेच असे नाही. सारा वेळेवर भरला, सावकाराचा हप्ता चुकला नाही, पाऊस वेळेवर पडला, एवढ्यावर ज्याचे जग तोलले आहे, त्याला मुंबईच्या विधिमंडळात कोण बसतो याचे सोयरसुतक कशास असावे?

त्यातून खानदेशची भाषेची अडचण वेगळीच. पश्चिमेस धुळे, अमळनेर या बाजूस अहिराणी. पूर्वेस यावल, रावेर या बाजूस लेवा पाटीदारांची बोली. सातपुड्यात पावरी आणि भिली. पुण्याच्या वर्तमानपत्राची मराठी येथे वाचून दाखविली, तर ऐकणारा मान डोलावी. पण ती त्याला आपल्या घरची वाटत नसे. निरक्षर म्हणजे अजाण असे मात्र मुळीच नव्हे. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, आणि 1952 मध्ये त्यांची गाणी छापून निघाली तेव्हा महाराष्ट्रातील विद्वान थक्क झाले. अशा माणसांना शहाणपण शिकविण्याची गरज नव्हती. त्यांच्याशी बोलायचे कोणत्या सुरात, हाच काय तो प्रश्न होता.

ज्यांना तो सूर सापडला त्यांत साने गुरुजींचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ते मूळचे कोकणातील पालगडचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी सोडून 1930 साली ते सत्याग्रहात पडले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून या अवधीत अशी अठरा प्रवचने झाली, आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. समोर कैदी बसलेले. त्यांत शिकलेले होते तसे साधेही होते. तत्त्वज्ञानासारखा अवघड विषय घरगुती दाखल्यांनी सर्वांच्या गळी कसा उतरवावा, याचा तो वस्तुपाठच होता. पुढे फैजपूरच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव हिंडले, तेव्हा त्यांची वाणी ठरावाची नसे, गोष्टीची असे.

अधिवेशनाचा मोठा भार खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी उचलला. ते याच मातीतले. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याच्या शब्दाला खेड्यात जे वजन नसते, ते शेजारच्या गावच्या माणसाच्या शब्दाला असते. जागा, माणसे, गाड्या, धान्य हे सारे ओळखीवर उभे राहिले. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याने मंडपासाठी बांबू दिला किंवा दोन दिवस आपली बैलजोडी दिली, तो मनुष्य त्या कार्याचा परका प्रेक्षक राहत नाही. त्याने एकही भाषण ऐकले नसले तरी त्या मांडवात त्याचे काहीतरी असते. आजचे प्रचारक हजारो पत्रके वाटतात. मागत मात्र काहीच नाहीत, मताखेरीज!

नगराला टिळकनगर असे नाव दिले होते. रचना स्थापत्यकार म्हात्रे यांची आणि सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांची. बोसांसारख्या नामांकित चित्रकाराने लोखंड, पत्रा, रंगीत कापड यांच्या नादी न लागता बांबू, गवत, चटया अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून कमानी व मंडप उभे केले. खेडूत स्त्री-पुरुष ते पाहावयास येत, आणि आपल्याच गोठ्यातील, आपल्याच कुडाच्या भिंतीतील सामान अशा शोभेला पोहोचलेले पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. 25 डिसेंबरला गांधींच्या हस्ते खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक निघाली ती मोटारीतून नव्हे, बैलांच्या रथातून. मुंबईत जेथे सभेचा जन्म झाला तेथून ज्योत पायी आणण्यात आली. ती ज्या ज्या गावावरून गेली, तेथे तेथे अधिवेशनाची वार्ता आपोआप पोहोचली. सारांश, टिळकनगर ही जत्रा होती. खानदेशातील माणसाला यात्रा, बाजार आणि सप्ताह ठाऊक होता. राजकारण त्याच्या ओळखीच्या त्या वाटेने चालत आले. ऑल इंडिया रेडिओ हे नावही त्याच 1936 सालचे. पण जळगावास आकाशवाणीचे केंद्र होण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. तेव्हा पायांना पर्याय नव्हता.

पायांवरच आणखी एक दिंडी आली. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन त्याच वेळी, प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली, फैजपुरातच भरले. त्यासाठी सुमारे पाचशे किसान मनमाडहून पायी निघाले आणि वाटेतील गावांत सभा घेत फैजपुरास पोहोचले. मोकळ्या पटांगणातील सभेला जो कधी गेला नसता, तो आपल्या गावच्या पारावर थकून बसलेल्या अनोळखी शेतकऱ्याला पाणी द्यावयास नक्कीच गेला असेल. आणि पाणी देताना कोठून आलात, कशासाठी निघालात, हे विचारल्याशिवाय खानदेशी माणूस राहत नाही.

27 व 28 डिसेंबरच्या बैठकीत मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम फैजपूरच्या नावाने प्रसिद्ध आहे. सारा व खंड कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनीस त्यातून सूट देणे, कर्जाचा बोजा हलका करणे, वेठबिगार बंद करणे, शेतमजुरास पोटभर मजुरी देणे, ही त्यातील कलमे. हे शब्द मात्र खेडुताला समजावून सांगण्याची गरज नव्हती. सारा म्हणजे काय, हे त्याला पुढाऱ्यापेक्षा अधिक कळत होते. सोहळ्याने त्याची पावले वळविली असतील. परंतु त्याचे कान टवकारले ते या शब्दांनी. आणि नवल असे की, तेथे जमलेल्या हजारोंपैकी बहुसंख्यांना मतच नव्हते! त्यांची दखल घ्यावी हा हिशेब केवळ निवडणुकीचा असता, तर इतका खटाटोप कोणी केला नसता.

हा मार्ग काँग्रेसचाच होता असे समजणे अन्यायाचे होईल. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन, त्यातील गण-गौळणीचे रूप पालटून, जलसे उभे केले ते कितीतरी आधी. आंबेडकरी चळवळीनेही 1931 पासून तोच मार्ग धरला. नाशिकच्या भीमराव कर्डकांचे जलसे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत रात्र रात्र चालत. ज्या माणसाला टिळकनगराच्या कमानीखालून जातानाही आपली जात विसरता येत नव्हती, त्याच्याशी हे जलसे त्याच्या अंगणात येऊन बोलत होते. 1937 च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव निवडून आले, त्यामागे हेही एक कारण मानावे लागते.

निवडणुकीनंतर जुलै 1937 मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. येथून गोष्टीचा रंग बदलतो. 6 एप्रिल 1938 रोजी साने गुरुजींनी अमळनेरहून एक साप्ताहिक काढले आणि त्याला नाव दिले ‘काँग्रेस’. त्याच साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. फैजपुरास सारा कमी करण्याचा ठराव ऐकून गेलेला शेतकरी आता सारामाफी मागू लागला, आणि मागावयाची ती आपल्याच म्हणविणाऱ्या सरकारकडे. गुरुजी त्याच्या बाजूने उभे राहिले. लेख लिहिले, सभा घेतल्या, शेतकऱ्यांना संघटित केले. मंत्री व कार्यकर्ते यांच्यात वितुष्ट आले. सरकारी तिजोरीचीही काही अडचण असेल, कायद्याचीही असेल. पण दोन वर्षांपूर्वी बैलगाडी जुंपून टिळकनगरास गेलेल्या माणसाला ती सांगून पटणार कशी? त्याच्या दृष्टीने सारा मागणारी काँग्रेस होती आणि सारा माफ करा म्हणून सरकारला खडसावणारे, अमळनेरहून येणारे पत्रही ‘काँग्रेस’च होते; गावात ज्याला अक्षर येत असे तो ते चावडीपुढे मोठ्याने वाची, आणि बाकीचे ऐकत.