शाळेतला नाताळ नक्की कोणी कमी केला?

'हल्ली शाळांमधले सण कमी होत चाललेत' असं वाक्य तुमच्या संशोधन-प्रस्तावात येणार असेल, तर आधी 'हल्ली' या शब्दापाशी थांबा.

न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. डिसेंबर १९०५ मध्ये ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातल्या एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांनी नाताळच्या कार्यक्रमात मुलांना ख्रिस्तासारखं व्हायला सांगितलं. या वस्तीत पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने राहत होती. पालकांनी तक्रार केली, पण त्यांचं समाधान झालं नाही. मग २४ डिसेंबर १९०६ला शहरातली हजारो ज्यू मुलं शाळेत गेलीच नाहीत. त्यानंतर शिक्षण मंडळाने धार्मिक गीतांवर बंधनं आणली, सजवलेलं झाड मात्र राहू दिलं. त्यावरूनही गदारोळ झालाच.

आता दोन प्रश्न विचारा. नेमकं काय कमी झालं? अख्खा सण नव्हे, त्यातली उपासना. आणि कोणाच्या मागणीवरून? ज्या मुलांना दुसऱ्याच्या देवाचं गाणं म्हणावं लागे, नाहीतर वर्गात गप्प, वेगळं उभं राहावं लागे, त्यांच्या घरच्यांच्या.

हजेरीपटावर अशी मुलं फक्त 'गैरहजर' दिसतात. ती का आली नाहीत, हे कळायला पालकांचे अर्ज आणि त्या वस्तीतली यिडिश वर्तमानपत्रं वाचावी लागतात. सण 'कमी झाला' असं लिहिण्याआधी, तो पूर्वी कोणाचा होता आणि कोणावर लादलेला होता, हे तपासा. तुमचा खरा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.